रुमालाखाली दिलेला शब्द

बाई, तुम्ही मला फसवलंत. सौदा करून फसवलंत, हातात हात देऊन फसवलंत, आणि वर माझंच नाव पुढे करून फसवलंत.

हे मी तुमच्या दहाव्याला सगळ्यांसमोर बोलणार होतो. तिथे तुमचे जुने विद्यार्थी एकेक करून उठत होते आणि बाई किती शिस्तीच्या, बाई किती मायाळू, असं सांगत होते. मी मागे लिंबाखाली उभा होतो. कोणीतरी म्हणालं, "दिलावरभाई, तुमी बी दोन शब्द बोला की." मी मान हलवली आणि चपला शोधायला लागलो. मला दोन शब्द बोलायचे नव्हते, मला भांडायचं होतं. भांडायला समोर माणूस लागतं.

म्हणून आता लिहितोय. तुम्ही असतात तर पहिल्याच ओळीला लाल पेन उचललं असतंत. म्हणाला असतात, दिलावर, एका वाक्यात तीनदा 'फसवलंत' कशाला? एकदा पुरे. नाही पुरत, बाई.

मला कोणी फसवत नाही, हे इंदापूरपासून बारामतीपर्यंत कोणालाही विचारा. जुन्या ट्रॅक्टरचा धंदा आहे माझा. इंजिनाचा आवाज ऐकून मी सांगतो की मालक खोटं बोलतोय का मेस्त्री. माझे वडील हेडी होते, म्हणजे बैलांचे व्यापारी. वरकुट्यातून बैल हाकत बाजारोबाजार फिरायचे. लासुर्ण्याच्या शाळेत मी तुमच्या वर्गात आठवीला होतो, आणि वर्ष अर्ध्यावर असताना त्यांनी मला शाळेतून काढलं. तुम्ही सायकल मारत आमच्या घरी आलात आणि दारातच त्यांच्याशी भांडलात. "मुलगा हुशार आहे, का काढता?" वडील म्हणाले, "बाई, हुशार हाय म्हनूनच नेतोय. ढ असता तर शाळंतच ठिवला असता." तुम्हाला हसू आलं आणि तुम्ही ते दाबलंत, ते मी आतून पाहिलं होतं. बाजारात पुढे आयुष्यभर त्या नजरेने कमावलं. समोरच्याने काय दाबलंय ते मला दिसतं. तुमच्याच बाबतीत दिसलं नाही.

मग आपली गाठ पडली ती माझ्या पोराने लावलेल्या फ्लेक्सपायी. इंदापूर रोडवर माझ्या ट्रॅक्टरच्या आवारापुढे त्याने मला न विचारता हे एवढं मोठं छापून टांगलं, 'सर्व ट्रॅक्टरवर दहा टक्के ऑफ'. लासुर्ण्याचं एक गिऱ्हाईक आलं, खाली उभं राहून वाचलं आणि चार माणसांत म्हणालं, "दिलावरभाई, दहा टक्के ऑफ झालं व्हय? वाईट झालं. मग राहिल्यालं नव्वद टक्के तरी लवकर दवाखान्यात न्या की."

आपल्याकडे माणूस मेला की ऑफ झाला म्हणतात, हे त्या पोराच्या डोक्यात आलं नाही. तो पुण्यात शिकलेला. मी फ्लेक्स फाडला, पोराला शिव्या दिल्या आणि तशाच तिरीमिरीत गाडी काढून बारामतीला तुमच्या दारात आलो. का आलो ते मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, यजमान गेले होते, तुमची लेक मंजू लग्न करून पुण्याला होती. तुम्ही दार उघडलंत, चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "दिलावर. आठवीचा राहिलेला अभ्यास आणलास का?"

मी आत न येताच विचारलं, "बाई, ह्यो ऑफ म्हंजी नक्की काय हाय ते मला सांगा. एकदाच सांगा, पन खरं सांगा."

"एकदाच नाही सांगता यायचं," तुम्ही म्हणालात. "बस."

त्या दिवशी मी तुम्हाला साफ सांगितलं की मी फुकट शिकणार नाही. फुकट घेतलेल्या मालाला किंमत नसते. तुम्ही विचारलंत, मग काय देशील? मी तुमच्या दिवाणखान्यात नजर फिरवली. करकरणारा पंखा, फसवून विकलेला सोफा, दोन पाय दुमडणारी टीपॉय. प्रत्येक वस्तूत तुम्हाला लुटलं होतं. मी म्हणालो, "तुमची सगळी खरेदी हितनं फुडं मी करून दीन. तुमी मला इंग्रजी द्या, मी तुमाला भाव दीन." तुम्ही हात पुढे केलात. तो आपला पहिला सौदा. तो तुम्ही अक्षरशः पाळलात, म्हणून तर दुसरा मी डोळे मिटून केला.

शुक्रवारची नमाज झाली की मी यायचो. वही आणायची नाही, असं तुम्ही बजावलं होतं. शब्द तोंडात ठेवायचा. आणि शब्द एकच, ऑफ. मला वाटलं होतं महिनाभरात उरकेल. तुम्ही मला गृहपाठ द्यायचात की जा, आठवडाभर फिर, हा शब्द कोण कुठे वापरतं ते ऐकून ये. माझ्या वयाच्या माणसाला गृहपाठ. पण मी ऐकायला लागलो आणि चक्रावलो. कारखान्यातला फिटर म्हणतो, आमचा ऑफ सीझन चालू हाय, म्हणजे गाळप बंद पण मशिनरी खोलायचं काम जोरात. शाळेतली पोरं ऑफ पिरियड म्हणून मैदानात धिंगाणा घालतात. नर्सबाईचा वीकली ऑफ. जावयाचा मूड ऑफ. वायरमनचा फोन ऑफ. एमआयडीसीकडे शिकाऊ पोरं विमान उडवतात, ते टेकऑफ. नातू बॅट आपटत येतो, बॉल ऑफला होता आणि पंचाने वाइड दिला नाही. माझ्या आवारात रोज हा शब्द पन्नास तोंडांतून जात होता आणि मी इतकी वर्षं बहिरा होतो.

हे सगळं मी तुमच्यापुढे ओतायचो आणि तुम्ही लहान मुलासारख्या खूश व्हायचात. मग तुमच्याकडचे काढायचात. इंग्लंडात दूध नासलं की म्हणतात, दूध ऑफ झालं. मी म्हणालो, तिकडं दूध मरतं, हितं मानूस. तुम्ही म्हणालात, वेल ऑफ म्हणजे खाऊनपिऊन सुखी. मी म्हणालो, विहीर हाय म्हंजी सुखीच की, त्यात इंग्रजी काय. तुम्ही हसता हसता खोकलात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "तुला नापास करायचं तरी कसं."

आणि मग तो अलार्म. तुम्ही म्हणालात, अलार्म ऑफ झाला म्हणजे वाजला. मी उठून उभा राहिलो. ऑफ म्हणजे बंद ना? मग वाजला कसा? तुम्ही म्हणालात, आणखी ऐक, आम्ही ऑफ आहोत म्हणजे आम्ही निघालो. बंद पडलं तरी ऑफ, सुरू झालं तरी ऑफ. मी म्हणालो, "बाई, बाजारात असा मानूस असता, जो येतो बी म्हनतो आन् जातो बी म्हनतो एकाच तोंडानं, त्याला लोकांनी जोड्यानं हानला असता. लबाड शब्द हाय ह्यो. मी वापरनार न्हाय."

तुम्ही शांतपणे विचारलंत, "खपणे म्हणजे काय रे?"

मी बेसावध होतो. म्हणालो, माल खपला, म्हणजे विकला गेला.

"आणि म्हातारा खपला?"

मी टीपॉयचा दुमडलेला पाय सरळ करायला लागलो.

"आणि सून दिवसभर घरात खपते? एक शब्द, तीन तोंडं. एकात तू ट्रॅक्टरला हार घालतोस, दुसऱ्यात रडतोस, तिसऱ्यात तर तुला काही दिसतच नाही, बायको समोर असली तरी. तुझी मराठी सोवळी आणि इंग्रजी लबाड काय?"

मी तावातावाने घरी गेलो आणि पुढच्या शुक्रवारी मेलेल्या माणसासाठी मराठीत किती शब्द आहेत ते गोळा करून आलो, तुम्हाला दाखवायला की आमच्यात प्रत्येक मरणाला वेगळा शब्द आहे. वारले, गेले, आटोपलं, देवाज्ञा झाली, आमच्यात पैगंबरवासी झाले. सावकाराला खपला म्हणतात, गुरुजींना कोणी खपले म्हणत नाही. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत. म्हणालात, "एक राहिला. सुटला."

त्यावर आपलं जे भांडण जुंपलं ते संपलंच नाही. तुमचं म्हणणं होतं की ऑफचा अर्थ शोधायला डिक्शनरी लागत नाही, मराठीत त्याचा सख्खा भाऊ बसलाय, सुटणे. तार सुटली, लाइट ऑफ. एसटी सुटली, एसटी ऑफ. शाळा सुटली. अलार्मचा खटका सुटला म्हणून तो वाजला. आणि तुझ्या फ्लेक्सवर काय लिहायला हवं होतं? दहा टक्के सूट. "चिकटलेलं वेगळं झालं की झालं ऑफ. बंद आणि सुरू हे नंतरचं. आधी सुटायला लागतं."

मला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच राग आला. मी म्हणालो, "आन् मानूस सुटला म्हंजी? तो कशापासनं सुटला? कोन चिकटलं व्हतं त्येला?"

तुम्ही म्हणालात, "ते मेल्यावर सांगीन."

हे तुमचं असं. वाद हरायला आलात की विनोद करायचात. मी म्हणालो होतो, सुटला हा शब्द मागे राहिलेल्यांनी स्वतःच्या समाधानासाठी काढलाय, मेलेल्याला कोणी विचारलेलं नसतं. तुम्ही त्यावर चहा करायला उठलात. मी जिंकलो असं समजलो. आता वाटतं, तुम्ही तेव्हापासूनच काही मनात धरून होता की काय.

तुम्ही मला दिलेलं मी नाकारत नाही. आज कंपनीचा साहेब आला की मी मान वर करून बोलतो. मोडकं बोलतो, पण माझं बोलतो. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, कॉल ऑफ म्हणजे मोडणं, हे तुम्ही शिकवलंत तेव्हा मी तुम्हाला म्हणालो होतो की ह्यातला फरक मला तुमच्यापेक्षा जास्त कळतो, माझा निम्मा धंदा तोच आहे. आणि माझ्या सौद्यापायी तुम्हीही काही शिकाल असं मला वाटलं होतं. पण तुम्ही कशाला शिकताय. भिगवण रोडच्या दुकानात तुमचं वॉशिंग मशीन घ्यायला गेलो ते आठवतं? मी मशिनाकडे पाठ करून, नको नको म्हणत, दुकानदाराला दारापर्यंत खेचून आणलं होतं. तो घामाघूम झाला होता. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर तो पडला असता. आणि तुम्ही मागून म्हणालात, "अरे दिलावर, असू दे. बिचारा खरंच परवडत नाही म्हणतोय." दुकानदाराचा चेहरा असा फुलला की मला त्याला हाणावंसं वाटलं. मी म्हणालो, "बाई, तुमी भाईर जाऊन उभ्या ऱ्हावा. रसवंतीत बसा. आत येऊ नका." तुम्ही खरंच गेलात. आणि येताना त्या दुकानदारासाठीच उसाच्या रसाचा ग्लास घेऊन आलात.

अशा बाईला थाप मारता येईल, असं कोणाला वाटेल?

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही माझ्या आवारात ट्रॅक्टरला धरून खाली बसलात. चक्कर आली म्हणालात. मी उचलून गाडीत घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची एक झडप अरुंद झालीय, पुण्याला नेऊन बदलून घ्यावी लागेल, फार थांबू नका, असं ते म्हणाले. परत येताना मी बडबडत होतो. इंजिनाचे वॉल, म्हणजे झडपाच, मी शेकड्यानं बदलून घेतलेत, हेड उतरवायचं, वॉल बसवायचा, इंजिन पुन्हा नव्यासारखं, त्यात काय घाबरायचं. तुम्ही खिडकीबाहेर ऊस बघत होता. एवढंच म्हणालात, "यजमानांचे हात बांधले होते रे तिथे. नळ्या ओढतील म्हणून. आम्हाला काचेतून दाखवायचे."

मी ते ऐकलं, पण मला तो भाव वाढवण्याचा प्रकार वाटला. गिऱ्हाईक आधी मालाला नावं ठेवतं, तसं.

मग मी तुमच्या मागे लागलो. मंजू पुण्याहून फोनवर मागे लागली. मी म्हणायचो उद्या, तुम्ही म्हणायचात पुढच्या वर्षी. मी म्हणायचो ह्याच आठवड्यात, तुम्ही म्हणायचात पाऊस उघडू दे, दिवाळी होऊ दे, थंडी सरू दे. एका शुक्रवारी मी आवाज चढवला. शेजारचे बाहेर आले. तुम्ही दार लावून घेतलंत आणि म्हणालात, "ओरडू नकोस. तुझ्या वडिलांसारखा सौदा कर. रुमालाखाली."

ते सगळं तुम्हाला मीच सांगितलं होतं. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून भाव सांगतात. भोवती शंभर माणसं असली तरी आकडा दोघांतच राहतो. मी खांद्यावरचा रुमाल काढला. एक बोट म्हणजे एक महिना, असं ठरलं. तुमचा हात हातात घेतला. ज्या हाताने माझ्या तळहातावर पट्टी मारली होती तो हात इतका हलका झाला असेल, असं मला वाटलं नव्हतं. मी तुमचं एक बोट धरलं. तुम्ही माझा सगळा पंजाच धरलात.

"पाच म्हैने? बाई, तवर त्यो वॉल..."

"रुमालाखाली बोलायचं नसतं, तूच म्हणालास."

मी दोन बोटं धरली. तुम्ही चार. मी दोनावरच अडून बसलो. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, आणि मग तीन बोटं घट्ट दाबलीत. जुन्या हेड्याने दाबावीत तशी. मी पण दाबली. सौदा पटला.

"आता पुढे?" तुम्ही विचारलंत.

"आता फुडं काय न्हाय. सौदा झाल्यावर त्येच्यावर बोलायचं नसतं. जो बोलंल त्येला बाजार उभा करत न्हाय."

"कोणीच बोलायचं नाही?"

"कोनीच न्हाय."

"तूही नाही?"

"मी तर न्हायच न्हाय."

तुम्ही रुमालाची घडी घालून माझ्या हातात दिलीत.

आणि बाई, मी बोललो नाही. माझ्यासारखा तोंडाळ माणूस गप्प बसला. दर शुक्रवारी यायचो. तुम्ही दोन वाक्यं बोलून दम घ्यायचात, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो. माझ्या मुलीच्या लग्नाला तुम्ही आलात. स्टेजच्या पायऱ्या चढताना मधेच थांबलात आणि फुलांची कमान बघतोय असं दाखवलंत. तुमचे ओठ जांभळे पडले होते. मी खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. बाई, आत्ता चला, गाडी काढतो, हे शब्द अगदी दातांशी आले होते. मी ते गिळले. का, तर माझा बाप, माझा आजा, कोणी रुमालातला सौदा पुन्हा उकरला नव्हता. पोरीच्या लग्नात मी शब्दाला जागलो, बाई. कोणाच्या शब्दाला?

तीन महिने भरत आले होते. मी पोराला सांगून ठेवलं होतं, त्या आठवड्यात आवार तू बघ. एका सकाळी तुमच्या शेजारच्यांचा फोन आला. "दिलावरभाई, बाई ऑफ झाल्या." मी त्यांना म्हणालो, नीट बोला. त्यांना कळलंच नाही मी का चिडलो. ते पुन्हा तेच म्हणाले.

तुमच्या मातीला मंजू माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, दुःखात आहे. दहाव्यानंतर मी घरी गेलो तेव्हा ती पुस्तकं बांधत होती. वर न बघता म्हणाली, "काका, लग्न चांगलं झालं ना?"

मी म्हणालो, झालं.

"आई तुमच्यासाठी थांबली. मी गाडी घेऊन आले होते तिला न्यायला. ती म्हणाली, दिलावरच्या मुलीचं लग्न आहे, तो म्हणतोय लग्न उरकलं की मी स्वतः बरोबर येतो, त्याच्याशिवाय मी ऑपरेशनला जाणार नाही. मी तुम्हाला फोन करणार होते. तर म्हणाली, करू नकोस, त्याला संकोच वाटेल, लग्नघर आहे." मग तिने वर बघितलं. "एक लग्न पुढे ढकलता आलं नसतं का हो, काका?"

बाई, मला लोकांनी चोर म्हटलंय, कसाई म्हटलंय, तोंडावर म्हटलंय. मी दुप्पट देऊन आलोय. त्या दिवशी मी नुसती तिच्या पुस्तकांच्या गठ्ठ्याला गाठ मारून दिली. मी लग्न मोडून तुम्हाला पुण्याला नेलं असतं. मांडवातून उठून नेलं असतं. तुम्हाला हे माहीत होतं, म्हणूनच तर मला विचारलं नाहीत.

मी तिथून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, मी चहा बाजूला सारला. मी म्हणालो, बाईंची ऑपरेशनची तारीख कोणती घेतली होती तेवढं सांगा. त्यांनी कंपाउंडरला बाहेर पाठवलं. मग म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. तारीख घेतलीच नव्हती. उन्हाळ्यातच त्या एकट्या आल्या होत्या, ऑपरेशन करायचं नाही म्हणाल्या. मी खूप समजावलं. म्हणाल्या, मला माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, हात मोकळे असताना जायचंय. फक्त माझ्या मुलीला आणि त्या ट्रॅक्टरवाल्याला कळू देऊ नका, ते मला जगू देणार नाहीत."

उन्हाळ्यात. म्हणजे रुमालाच्या आधी. तुम्ही तो हात दिलात तेव्हा विकायला तुमच्याकडे काही नव्हतंच. तीन बोटं दाबून तुम्ही माझं तोंड विकत घेतलंत. मंजूचं तोंड माझ्या नावाने बंद केलंत. आणि कसं केलंत बघा, आम्हा दोघांत गाठ पडू नये याचीही तजवीज केलीत. वॉशिंग मशिनाच्या दुकानात ज्या बाईला मी बाहेर घालवलं होतं तिने मला असं गुंडाळलं की बापाने बघितलं असतं तर पागोटं काढून तुमच्या पायाशी ठेवलं असतं.

चार दिवस मी विचार केला. मंजूला सांगावं, तर तिची आई तिला खोटं बोलून, ठरवून गेली हे तिला कळणार. न सांगावं, तर लग्नाच्या जेवणावळीपायी बाईंचा जीव घालवणारा माणूस म्हणून मी तिच्या घरात कायमचा राहणार. माझी बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमच्या नावानं एवढं खपलं, आनखी एक खपंल. पोरीला तरी आई नीट आठवू द्या." तिचं बरोबर असेल. पण मी तसा नाही. खोट्या भावाची पावती मी कधी कोणाला दिली नाही आणि माझ्या नावावर घेतलीही नाही.

मी पुण्याला गेलो. मंजूला सगळं सांगितलं, रुमालापासून डॉक्टरांपर्यंत. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. बराच वेळ टेबलावरचा डाग अंगठ्याने पुसत राहिली. मग म्हणाली, "हात मोकळे असताना, असं म्हणाली?"

"व्हय."

"बाबांच्या वेळी मीच सही केली होती काका. हात बांधायला."

मला हे माहीत नव्हतं.

"ती मला स्पष्ट 'नाही' म्हणाली असती, तर मी ऐकलं असतं," मंजू म्हणाली. मग डाग पुसायचं थांबवून, "तुम्ही ऐकलं असतंत?"

"आयकलं असतं."

"खरं सांगा, काका."

मी खांद्यावरचा रुमाल काढून त्याची घडी घातली. ती उठली, माझं ताट वाढलं. निघताना म्हणाली, आईच्या आठवणींचं पुस्तक काढतोय, तुम्ही लिहा. मी म्हणालो, मी गोड लिहिणार नाही. ती म्हणाली, "झालं तसं लिहा. मला पण विचारायचंय तिला."

तर लिहिलं, बाई. तुम्ही गेलात म्हणून मी भांडत नाही. खुर्चीत बसून, हात मोकळे ठेवून जायचा हक्क तुमचा होता, तो मी एवढ्या दिवसांत कसातरी, थुंकी गिळत, मान्य केलाय. दर शुक्रवारी नमाज झाल्यावर गाडी तुमच्या गल्लीकडे वळते, मग मी ती सरळ करतो. तेही मी सोसीन. तुम्ही सुटलात असं आता सगळे म्हणतात, मी कोणाशी वाद घालत नाही.

पण रुमालाचा आणखी एक नियम आहे आणि तो बाजारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. ज्याला सौदा करायचा नाही त्याने हात काढून घ्यायचा. कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही, नुसता हात काढायचा. समोरचा कितीही गरम डोक्याचा असो, तो रुमाल झटकतो आणि निघून जातो. त्यात कोणाचा अपमान होत नाही. दुसऱ्या दिवशी तीच माणसं एका ताटात जेवतात. मी ओरडलो असतो, खुर्ची आपटली असती, चार शुक्रवार आलो नसतो. पाचव्याला आलो असतो. मग राहिलेले दिवस आपण खरे बसलो असतो, बाई, घड्याळाकडे न बघता. मंजूही येऊन बसली असती. ते दिवस तुम्ही आम्हा दोघांकडून काढून घेतलेत.

देवाची मर्जी, आयुष्य तेवढंच होतं, असलं मला कोणी सांगायला येऊ नये. डॉक्टरांनीही नको आणि मंजूनेही नको. हात तुमचा होता. रुमालाखाली माझ्या हातात होता, आणि मी तो जोराने धरला नव्हता. तो तुम्ही का काढून घेतला नाहीत, याचं उत्तर मला तुमच्याकडून पाहिजे.